मुख्य बँक बुडाली, तर सहभागी बँकेचा हिस्सा कुणाचा?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ज्यांना सावकाश वाचायचंय त्यांच्यासाठी.)

जळोचीतून बोलतोय. बाहेर एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्रक चालू आहेत, मध्येच हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

गेल्या भागात आपण एफडी आणि पाच लाखांच्या विम्याबद्दल बोललो. त्यावर इथल्याच एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणतो, "दादा, आमच्या बँकेचा वार्षिक अहवाल घरी आला. त्यात 'सहभाग कर्ज' अशी एक ओळ आहे. रक्कम कोटीत आहे. चौकशी केली तर कळलं, कर्ज पुण्याच्या एका मोठ्या बँकेनं दिलंय आणि त्यात आमच्या बँकेनं पैसे घातलेत. आता ती पुण्याची बँकच बुडाली, तर आमचे पैसे गेले का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. ते अवलंबून असतं कागदावर. आणि तो कागद ठेवीदारानं कधी पाहिलेला नसतो. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच.

आधी दोन शब्द वेगळे करू

एखादं मोठं कर्ज असतं. साखर कारखाना, सूतगिरणी, कोल्ड स्टोरेज, बिल्डर. एका बँकेला तेवढं कर्ज एकटीनं देणं झेपत नाही, किंवा नियमात बसत नाही. मग दोन-चार बँका एकत्र येतात. हे एकत्र येणं दोन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार कन्सोर्टियम. यात प्रत्येक बँकेचा कर्जदाराशी थेट करार असतो. तारणावर प्रत्येकीचा हक्क नोंदवलेला असतो. मुख्य बँक म्हणजे लीड बँक पुढाकार घेते, पण बाकीच्यांची नावंही कागदावर असतात. उद्या लीड बँक बंद पडली तरी कर्जदार या बँकांचा थेट ऋणको राहतो. गैरसोय होते, पण हक्क कुठे जात नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खरा सहभाग, लोन पार्टिसिपेशन. यात कर्जदाराशी करार फक्त एका बँकेचा. बाकीच्या बँका त्या बँकेला पैसे देतात आणि बदल्यात म्हणतात, "या कर्जातून जे येईल त्यातला एवढा टक्का आमचा." रिझर्व्ह बँकेनं कर्ज हस्तांतराबद्दल २४ सप्टेंबर २०२१ ला जे निर्देश काढले, त्यात याची व्याख्या आहे. तिचा अर्थ असा: कर्जाचा आर्थिक लाभ दुसऱ्याकडे जातो, पण कर्जाचा करार मूळ बँकेकडेच राहतो. कायद्यानं मालक मूळ बँक. थकलेली, अडचणीतली कर्जं या पद्धतीनं दुसऱ्याला द्यायची नाहीत, असंही त्याच निर्देशांत आहे.

आता गंमत बघा. आपल्याकडे बोलताना, आणि बऱ्याचदा अहवालातही, दोन्हीला 'सहभाग' म्हणून मोकळे होतात. त्यामुळे अहवालातली ती ओळ वाचून काहीच कळत नाही. पहिला प्रकार असेल तर आपल्या मित्रानं फार घाबरायचं कारण नाही. दुसरा असेल तर पुढचं नीट ऐका.

एक उदाहरण घेऊ

समजा पुण्याची 'अ' बँक. तिनं भिगवण रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजला १० कोटी दिले. आपली बारामतीची 'ब' बँक 'अ'ला ४ कोटी देते आणि ४० टक्के हिस्सा घेते. कोल्ड स्टोरेजवाल्याला 'ब'चं नावही माहीत नाही. तो हप्ता 'अ'कडे भरतो, 'अ' त्यातले ४० टक्के 'ब'ला पाठवते. सगळं सुरळीत.

मग एक दिवस रिझर्व्ह बँक 'अ'वर निर्बंध घालते. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ३५अ. पैसे काढायला बंदी, नवीन कर्जाला बंदी, देणी द्यायला बंदी. पुढं परवाना रद्द होतो. मग सहकार आयुक्त अवसायक नेमतात. अवसायक म्हणजे लिक्विडेटर, बँकेचा गाशा गुंडाळणारा माणूस. कंपन्यांच्या दिवाळखोरीचा २०१६ चा कायदा, आयबीसी, तो बँकांना लागू होत नाही हे लक्षात ठेवा.

हे आपल्याला नवीन नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. साडेनऊ वर्षं लोक ताटकळले. ठेव विमा महामंडळानं, म्हणजे डीआयसीजीसीनं, त्या ठेवीदारांना परवाना रद्द होण्याच्या आधीच सुमारे ७०० कोटी रुपये दिले होते. आणि अवसायक जी वसुली करतो, त्यातून आधी या महामंडळाचे पैसे परत करायचे असतात. म्हणजे रांगेत पुढे कोण उभं आहे ते कळलं ना? बाकीचे धनको, ज्यांचं बँकेकडून येणं आहे ते सगळे, त्यांच्या मागे.

तर 'ब' बँकेला जीव तोडून एकच गोष्ट सिद्ध करायची असते: मी या रांगेतली नाहीच. माझा हिस्सा 'अ'च्या मालमत्तेत धरू नका. तो माझा आहे, फक्त 'अ'कडे सांभाळायला होता.

हे सिद्ध होईल का, ते तीन ठिकाणी ठरतं.

एक: हिस्सा खरंच विकत घेतला होता, की 'अ'ला उसने पैसे दिले होते?

करारात लिहिलंय 'सहभाग'. पण आत असं कलम आहे की, कर्जदारानं भरो न भरो, 'अ' बँक 'ब'ला ठरलेलं व्याज देणार आणि वर्षानं ४ कोटी परत देणार. मग हा सहभाग कसला? 'ब'नं धोका घेतलाच नाही. तिनं 'अ'ला उसने पैसे दिले. 'अ' बुडाली की 'ब' साधी धनको, रांगेच्या शेपटाला.

हा फरक बँकिंगमध्ये जुनाच आहे. बँकांमध्ये १९८८ पासून इंटर बँक पार्टिसिपेशन सर्टिफिकेट चालतात, त्यांचे दोन प्रकार. धोका वाटून घेणारा आणि न घेणारा. धोका वाटून घेतला तर देणारी बँक आपल्या कर्जाच्या आकड्यातून तेवढी रक्कम कमी करते. धोका वाटून घेतला नाही तर ती रक्कम तिच्या ताळेबंदात कर्जाऊ घेतलेली म्हणून दाखवावी लागते. म्हणजे ताळेबंदच बोलतो.

हे ओळखायची खूण सोपी आहे. परतफेडीची हमी 'अ'नं दिलीय का? 'ब'ची मुदत मूळ कर्जाच्या मुदतीपेक्षा वेगळी आहे का? 'ब'ला मिळणाऱ्या व्याजाचा कर्जदाराच्या व्याजाशी काही मेळ आहे का? हमी आहे, मुदत वेगळी, व्याजाचा मेळ नाही, तर नाव काहीही असो, ते उसनवारीच.

आणि इथंच लोक फसतात. "अहो, मोठ्या बँकेनं हमी दिलीय," असं संचालक मंडळात अभिमानानं सांगितलं जातं. कर्जदार बुडाला तर ती हमी उपयोगाची. पण हमी देणाराच बुडाला, तर त्याच हमीमुळे तुम्ही मालकाचे धनको होऊन बसता.

दोन: हप्त्याचे पैसे कुठल्या खात्यात पडले?

कोल्ड स्टोरेजवाल्यानं २५ लाखांचा हप्ता भरला. त्यातले १० लाख 'ब'चे. दुसऱ्या दिवशी निर्बंध आले. ते १० लाख कुठे आहेत? वेगळ्या खात्यात ठेवले असतील तर बोट ठेवून दाखवता येतं. 'अ'च्या रोजच्या गल्ल्यात मिसळले असतील तर दाखवणं अवघड. कॅनॉलला सोडलेलं आपलं पाणी खालच्या शेतात कुठलं, हे जसं सांगता येत नाही तसं.

याचं खरं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. डीएचएफएल. ही बँक नव्हती, घरकर्ज देणारी वित्त कंपनी होती, पण दुखणं हेच. तिनं आपल्या घरकर्जांचे गठ्ठे बँकांना आणि गुंतवणूकदारांना विकले होते. मात्र हप्ते गोळा करायचं काम स्वतःकडेच ठेवलं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एका धनकोच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयानं कंपनीला धनकोंची देणी द्यायला मनाई केली. झालं काय, की घरमालक हप्ते भरत होते, पैसे डीएचएफएलकडे येत होते, आणि ज्यांनी ती कर्जं विकत घेतली होती त्यांच्यापर्यंत ते पोचत नव्हते. कर्ज बुडालं नव्हतं. मध्ये उभा असलेला माणूस अडकला होता. पुढे न्यायालयानं या पैशांना वाट मोकळी करून दिली, पण तोवर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं आणि दिवाळखोरी कायद्याखाली गेलेली ती पहिली वित्त कंपनी ठरली. अशा कंपन्यांसाठी २०१९ मध्येच जे नियम केले, त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. दुसऱ्याची मालमत्ता, दुसऱ्यासाठी विश्वासानं सांभाळलेला पैसा, याला दिवाळखोरीतली स्थगिती लागू नाही. चांगलं झालं. पण हे वित्त कंपन्यांसाठी. आपल्या उदाहरणातली 'अ' बँक आहे, तिला हा नियम नाही. तिथं करार आणि खातेवही, एवढीच हत्यारं.

तीन: कर्जदाराची ठेव त्याच बँकेत होती का?

हा मुद्दा सगळ्यात चोरपावलांनी येतो. आपल्या कोल्ड स्टोरेजवाल्याची 'अ' बँकेतच १ कोटीची एफडी आहे. बँक बंद पडल्यावर तो म्हणतो, "माझी ठेव माझ्या कर्जात वळती करा." ही वळती सर्वसाधारणपणे मान्य होते. त्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. त्याचं कर्ज १० कोटीवरून ९ कोटी झालं.

आता 'ब'कडे बघा. कर्ज १ कोटीनं कमी झालं, म्हणजे 'ब'चा हिस्सा ४ कोटीवरून ३ कोटी ६० लाखांवर आला. पण रोख काहीच आलं नाही. एक रुपया कुठे पडलाच नाही, नुसती कागदावर वजाबाकी झाली. 'ब'चे ४० लाख गेले कुठे? ते 'अ'नं आपली ठेवीची देणी फेडायला वापरले, असाच त्याचा अर्थ. आणि ते मागायचे तर अवसायकाकडे, रांगेत.

अमेरिकेत नेमकं हेच झालं, आणि या विषयावर जगभर त्याच प्रकरणाचा दाखला देतात. ओक्लाहोमा सिटीमध्ये पेन स्क्वेअर नावाची बँक होती. एका शॉपिंग मॉलमधली बँक, बरं का. तेलाच्या तेजीत तिनं विहिरी खणणाऱ्यांना धडाधड कर्जं दिली आणि २ अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे हिस्से मोठमोठ्या बँकांना विकले. तिची स्वतःची मालमत्ता त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. शिकागोच्या कॉन्टिनेंटल इलिनॉयनं एकटीनं सुमारे १ अब्ज डॉलरचे हिस्से घेतले. ५ जुलै १९८२ ला पेन स्क्वेअर बंद पडली. तेलवाल्यांनी आपल्या ठेवी कर्जात वळत्या करून घेतल्या. सहभागी बँका कोर्टात गेल्या, की वळत्या केलेल्या रकमेतला आमचा टक्का आम्हाला आधी द्या. कोर्टानं तो अग्रहक्क दिला नाही. तुमचा दावा बाकीच्या धनकोंसारखाच, असं ठरलं. कॉन्टिनेंटल त्या धक्क्यातून सावरलीच नाही, १९८४ मध्ये सरकारला तिला वाचवावं लागलं.

मॉलमधल्या एका लहान बँकेनं देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकांपैकी एक खाली आणली. कारण मोठ्या बँकेनं कर्जदाराची कागदपत्रं स्वतः तपासली नव्हती. पेन स्क्वेअरनं तपासली असतील, असं धरून चालले.

रांगेत संस्था उभी राहिली तर काय होतं

आता तुम्ही म्हणाल, रांग तर रांग, उशिरा का होईना मिळतील की. तर पीएमसी बँक आठवा. २३ सप्टेंबर २०१९, पहिल्या दिवशी खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे हजारो कोटी अडकलेले. शेवटी २५ जानेवारी २०२२ ला ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

पीएमसीत सामान्य माणसांसारख्याच संस्थांच्याही ठेवी होत्या. विलीनीकरणात विम्यापलीकडच्या रकमेचं काय झालं ते ऐका. व्यक्तींना टप्प्याटप्प्यानं, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. आणि संस्थांना? त्यांच्या रकमेच्या ८० टक्क्यांचे १ टक्का लाभांशाचे प्राधान्य शेअर केले, ज्यांना परतफेडीची मुदतच नाही. उरलेल्या २० टक्क्यांचे इक्विटी वॉरंट. म्हणजे एखाद्या पतसंस्थेनं सभासदांचे पैसे तिथं ठेवले असतील, तर तिच्या हातात रोख नाही, कागद आला.

ते सहभाग कर्ज नव्हतं, साध्या ठेवी होत्या. तरी उदाहरण महत्त्वाचं, कारण 'ब' बँकेला धनको ठरवलं तर ती याच बाजूला उभी राहते. माणसाबद्दल कायद्याला दया येते, संस्थेबद्दल येत नाही. संस्थेला कळत होतं, असं धरलं जातं. शिवाय एका बँकेनं दुसऱ्या बँकेत ठेवलेल्या ठेवीला विमा नसतोच. आणि पतसंस्थेतल्या तुमच्या-आमच्या ठेवीला तर डीआयसीजीसीचा विमा मुळातच नाही.

संस्थेच्या पाठीमागे शेवटी माणसंच असतात. जळोचीच्या बाजारात डोक्यावरून भाजी उतरवणाऱ्या मावशीचं रिकरिंग, कुणाच्या पोरीच्या लग्नाची एफडी. पण ती माणसं त्या रांगेत कुणाला दिसत नाहीत.

तुमच्या मोबाईलमधलं कर्ज

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय, आम्ही काही बँक चालवत नाही. खरंय. पण तुमच्यातल्या किती जणांनी ॲपवरून दुचाकीचं किंवा मोबाईलचं कर्ज घेतलंय? तो कर्ज करार उघडा. बऱ्याच ठिकाणी दोन नावं दिसतील, एक वित्त कंपनी आणि एक बँक. याला को-लेंडिंग म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२० मध्ये याची चौकट दिली आणि त्यात मुद्दाम सांगितलं की दोघांमधले सगळे व्यवहार एस्क्रो खात्यातून करा, पैसे एकमेकांत मिसळू देऊ नका. म्हणजे आपण वर बोललो तो दुसरा मुद्दाच.

तुमच्यासाठी त्यातला धडा एवढाच. कंपनी बंद पडली म्हणून कर्ज माफ होत नाही. हप्ता करारात सांगितलेल्या खात्यातच भरायचा, पावती जपायची. "कंपनी बुडाली, आता या यूपीआयवर भरा" असा फोन आला तर आधी करारातल्या बँकेकडे खात्री करायची.

सभेत काय विचारायचं

आता आपल्या मित्राकडे येऊ. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त हे पाहता येतं. सहभागाचा करार त्या यादीत नाही. पण वार्षिक सभेत प्रश्न विचारायला कुणी अडवू शकत नाही. सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. चहा-वडा खाऊन 'मंजूर, मंजूर' म्हणायच्या आधी हात वर करा आणि हे पाच प्रश्न विचारा.

एक, या कर्जात कर्जदाराशी आपल्या बँकेचा थेट करार आहे का? तारणावर आपलं नाव नोंदलंय का?

दोन, परतफेडीची हमी मुख्य बँकेनं दिलीय का? दिली असेल तर हा सहभाग आहे की उसनवारी?

तीन, हप्ते कुठल्या खात्यात जमा होतात? ते खातं वेगळं आहे का, आणि आपला हिस्सा किती दिवसांत येतो?

चार, कर्जदाराच्या मुख्य बँकेत ठेवी आहेत का? त्या वळत्या झाल्या तर आपल्या हिश्श्याचं काय, हे करारात लिहिलंय का?

पाच, कर्जदाराची कागदपत्रं आपल्या बँकेनं स्वतः तपासली का, की मुख्य बँकेच्या अहवालावर सही केली?

आवाज चढवायची गरज नाही. "अध्यक्ष साहेब, माहितीसाठी विचारतोय," असं म्हणून विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवा म्हणायचं. चांगल्या बँकेकडे या पाचही प्रश्नांची उत्तरं तयार असतात. त्या आनंदानं देतात. आणि उत्तराऐवजी "आमच्यावर विश्वास नाही का?" असं ऐकू आलं, तर समजून जा की अजून विचारायला हवं.

बँक बुडाल्यावर कुणाचा हक्क किती हे कोर्टात ठरतं, पण त्याचं उत्तर खूप आधी लिहिलेलं असतं, सगळं सुरळीत चालू असताना केलेल्या करारात. तेव्हा कुणाला कलमं वाचायचा कंटाळा येतो. म्हणून विचारायची वेळ आत्ताची.

या सभेत तुम्ही प्रश्न विचारलात आणि काय उत्तर मिळालं, ते मला व्हॉइस मेसेजनं नक्की कळवा. बँकेचं नाव न घेता पुढच्या भागात त्यावर बोलू. पुढचा विषय जामीनदाराचा. मित्राच्या कर्जावर सही करण्यापूर्वी ऐकाच. भेटू. राम राम.